किती कुत्र्यांना, आणि कशावरून?

मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख. हवामानाच्या दृष्टीने एकमेकांशी फारसं साम्य नसलेल्या या चार ठिकाणच्या ५२५ कुत्र्यांचं रक्त एका अभ्यासात तपासलं गेलं. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. रक्ताच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा गोचिडीमार्फत पसरणारा एखादा तरी जंतू १०.७ टक्के कुत्र्यांत दिसला. मग त्याच कुत्र्यांच्या रक्तातून डीएनए काढून पीसीआर चाचणी केली, आणि आकडा ४६.९ टक्क्यांवर गेला. दहातल्या एका कुत्र्याचा आजार जवळजवळ निम्म्या कुत्र्यांचा झाला. कुत्री तीच होती आणि रक्तही तेच. पाहण्याचं साधन तेवढं दुसरं होतं.

या पुस्तकाचा विषय कुत्र्यांना गोचिडीमुळे होणारे जिवाणूजन्य आजार हा आहे, आणि त्यातही मुख्यतः एर्लिकिओसिस. लक्षणं, औषधं, मात्रा हे सगळं पुढच्या प्रकरणांत येईलच. प्रस्तावनेत मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. ‘आपल्याकडे हा आजार किती कुत्र्यांना असतो?’ असं कुत्रा पाळणारे विचारतात, विद्यार्थी विचारतात, अधूनमधून वर्तमानपत्रवालेही विचारतात. या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दोन उलट प्रश्नांनीच सुरू होतं: कशाने पाहिलं, आणि कोणती कुत्री पाहिली? हे न सांगता छापलेली टक्केवारी शोभेची असते. आणि याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या भागात हा आजार साधारण किती आहे याचा अंदाज नसेल, तर हातात आलेल्या रिपोर्टाचा अर्थ लावता येत नाही. प्रादुर्भाव आणि निदान हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात. माझ्या मते ते एकाच धड्याचे दोन परिच्छेद आहेत.

दवाखान्यातलं चित्र पशुवैद्यकांना पाठ आहे. कुत्रा दोन दिवस जेवलेला नाही, अंग तापलेलं, हिरड्या फिक्या. कानाच्या आत आणि पंजाच्या बेचक्यांत गोचिडी. सीबीसी होते. कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असायला हव्यात, त्या सत्तर हजारांवर आलेल्या असतात, आणि केसपेपरवर दोन शब्द उमटतात: टिक फीवर. ‘प्लेटलेट कमी’ हे शब्द ऐकून मालक डेंग्यूच्या धास्तीने घाबरतो, डॉक्टर डॉक्सीसायक्लिन लिहून देतात, आणि बऱ्याचदा कुत्रा दोन-तीन दिवसांत शेपूट हलवायला लागतो. बरं झालेल्या पेशंटला नेमकं काय झालं होतं हे विचारायला कुणाला वेळ असतो?

पण विचारायला हवं. कारण टिक फीवर या एका नावाखाली निदान चार-पाच वेगळे जंतू राहतात. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू मोनोसाइट या श्वेतपेशींत वाढतो. त्याचा नातेवाईक अ‍ॅनाप्लाझ्मा प्लॅटिस थेट प्लेटलेटमध्ये घुसतो, आणि त्याच्या संसर्गात प्लेटलेट एक-दोन आठवड्यांच्या अंतराने खाली जातात आणि परत वर येतात. म्हणजे तुम्ही कोणत्या दिवशी रक्त काढलं यावर रिपोर्ट ठरतो. बबेसिया हा मात्र जिवाणूच नव्हे. तो तांबड्या पेशींत राहणारा प्रोटोझोआ आहे, आणि त्यातल्या बबेसिया गिब्सनीवर एकट्या डॉक्सीसायक्लिनचा भरवसा धरता येत नाही. चौथा हेपॅटोझून कॅनिस. हाही प्रोटोझोआच, आणि याचा संसर्ग गोचीड चावल्याने होत नाही. कुत्र्याने अंग चाटता-चावताना गोचीड गिळली की होतो. एका गोचिडीच्या अंगात एकाहून अधिक जंतू असू शकतात, त्यामुळे एका कुत्र्यातही. वर सांगितलेल्या अभ्यासात संसर्ग सापडलेल्या कुत्र्यांपैकी ३९ टक्क्यांत एकापेक्षा जास्त जंतू होते. आपल्याकडच्या कित्येक प्रयोगशाळांच्या छापील कागदावर मात्र अजून ‘ब्लड प्रोटोझोआ’ असा एकच रकाना असतो आणि त्यात एर्लिकियालाही कोंबलेलं असतं. जिवाणूला प्रोटोझोआच्या रांगेत उभं केलं की औषधही चुकीच्या रांगेतलं निवडलं जाण्याची शक्यता वाढते.

या जंतूंच्या इतिहासात आपला देश पहिल्यापासून आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितलं जातं. हेपॅटोझून कॅनिसचं पहिलं वर्णन १९०५ सालचं, भारतातल्या कुत्र्यांतलं. बबेसिया गिब्सनी १९१० मध्ये पॅटन यांना सापडला तो ‘मद्रास हंट’च्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात, आणि पाठोपाठ कोल्ह्यांतही. एर्लिकियाची गोष्ट उत्तर आफ्रिकेत सुरू होते. अल्जिअर्सच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दोनातिएँ आणि लेस्तोकार या दोन फ्रेंच संशोधकांनी १९३५ साली गोचिडींनी भरलेल्या आजारी कुत्र्यांच्या श्वेतपेशींत बारीक पुंजके पाहिले आणि त्या जंतूला रिकेट्सिया कॅनिस असं नाव दिलं. १९४५ मध्ये मोश्कोव्स्की यांनी जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांच्या सन्मानार्थ त्याला एर्लिकिया या नव्या घराण्यात टाकलं. भारतातली पहिली नोंद त्याच्या एक वर्ष आधीची, १९४४ ची, मद्रासमधली, मुदलियार यांची. म्हणजे या जिवाणूला आजचं नाव मिळण्याआधीच आपण त्याला पाहिलं होतं.

पाहिलं, आणि विसरलो. जगाचं लक्ष वेधायला युद्ध लागलं. साठच्या दशकात सिंगापूरमध्ये ब्रिटिश लष्कराची माग काढणारी कुत्री आणि त्यानंतर व्हिएतनाममध्ये अमेरिकन लष्कराची जर्मन शेफर्ड कुत्री एका विचित्र आजाराने मरू लागली. धडधाकट कुत्र्याचा अचानक घोळणा फुटायचा, नाकातून रक्त थांबायचं नाही, रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी संपत जायच्या. त्या आजाराला तेव्हा ‘ट्रॉपिकल कॅनाइन पॅनसायटोपेनिया’ असं लांबलचक नाव मिळालं. कारण एर्लिकिया कॅनिसच, हे हक्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून ठरलं. मग पुढची पावलं भराभर पडली. १९७१ मध्ये हा जिवाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवता आला, आणि १९७२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या रिस्टिक यांच्या गटाने त्या पेशी वापरून प्रतिपिंडं शोधणारी इम्युनोफ्लुओरेसन्स चाचणी उभी केली. एकेका प्रशिक्षित लष्करी कुत्र्यामागे मोठा खर्च झालेला होता, म्हणून हा आजार कळला. रस्त्यावरच्या कुत्र्यांत तो त्याआधी किती वर्षं होता कोण जाणे. आज आपल्या टेबलावरची किट काही मिनिटांत जे उत्तर देते, त्यामागे ही सगळी वंशावळ आहे.

आता गोचिडीकडे यायला हवं, कारण हा आजार समजायचा तर कुत्र्याच्या आधी तिला समजून घ्यावं लागतं. कुत्र्याची तपकिरी गोचीड म्हणजे पुस्तकांतली ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनिअस. अलीकडे तिच्या जनुकांचा अभ्यास झाल्यावर उष्ण प्रदेशातली गोचीड वेगळी मानून तिला ऱ्हिपिसेफॅलस लिनाई म्हणायला लागले आहेत. भारतातली बहुतेक याच उष्ण प्रदेशीय वंशाची. नाव काहीही असो, तिची चाल सगळ्यांना ठाऊक असावी. अंड्यातून सहा पायांची अळी निघते, ती कुत्र्याचं रक्त पिते आणि खाली पडते. कात टाकून आठ पायांची निम्फ होते, पुन्हा कुत्र्यावर चढते, पुन्हा पडते. मग प्रौढ होऊन तिसऱ्यांदा. आयुष्याचा फार मोठा भाग ती कुत्र्याच्या अंगावर नसतेच. ती असते भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, गादीच्या शिवणीत, सोसायटीच्या जिन्याखाली. रक्त पिऊन टरारलेली मादी खाली उतरून एखाद्या फटीत हजारोंनी अंडी घालते. तिला वर चढण्याची ओढ आहे, म्हणून भिंतीवर छताच्या दिशेने निघालेल्या गोचिडी पाहून लोक हवालदिल होतात आणि ‘कुत्र्याला तर रोज साफ करतो’ म्हणून सांगतात. खरंच करत असतात. पण साफ करायचं असतं घर.

या गोचिडीबद्दलच्या तीन गोष्टी निदानाशी थेट जोडलेल्या आहेत. एर्लिकिया कॅनिस मादीकडून अंड्यात जात नाही. अळी, निम्फ, प्रौढ असा तो एकाच गोचिडीच्या पुढच्या अवस्थांत मात्र टिकतो. म्हणजे गोचिडींच्या प्रत्येक पिढीला तो नव्याने कुत्र्याकडूनच घ्यावा लागतो, आणि खरा साठा कुत्र्यात असतो. दुसरी गोष्ट वेळेची. चिकटल्यानंतर काही तासांतच ती जंतू सोडू शकते. प्रयोगात तीन तासांतही संसर्ग गेल्याचं दिसलं आहे. त्यामुळे रात्री बसून गोचिडी वेचणं चांगलं, पण त्यावर विसंबता येत नाही. तिसरी गोष्ट चिकाटीची. संसर्ग झालेल्या कुत्र्यावरून उतरल्यावर १५५ दिवसांनीही गोचीड दुसऱ्या कुत्र्याला संसर्ग देऊ शकली, असा जुना प्रयोग आहे. पाच महिने बंद असलेल्या फ्लॅटमध्ये नवं पिल्लू आणलं आणि ते महिन्याभरात आजारी पडलं, तर ब्रीडरला दोष देण्याआधी भिंतीच्या फटी पाहाव्यात.

एक खुलासा गावाकडच्या वाचकांसाठी. गोठ्यातल्या गायी-म्हशींना लागते ती गोचीड बहुतेक वेळा वेगळ्या जातीची, आणि गायीचा ‘गोचीड ताप’ हा वेगळ्या जंतूंचा आजार आहे. गोठ्यात फवारणी झाली म्हणून राखणीचं कुत्रं सुरक्षित झालं, असं समजू नये.

संसर्ग झाल्यावर आठ ते वीस दिवसांत आजाराची तीव्र अवस्था सुरू होते: ताप, मरगळ, सुजलेल्या गाठी, वाढलेली प्लीहा, उतरलेल्या प्लेटलेट, कधी पोटावर लाल ठिपके. ही अवस्था दोन ते चार आठवडे टिकते, आणि पुष्कळ कुत्री औषधाशिवायही यातून वर येतात. इथेच फसगत आहे. काही कुत्र्यांत जंतू जात नाही, प्लीहेत दडून बसतो, आणि कुत्रा वरवर ठणठणीत दिसत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं जगतो. प्लेटलेट किंचित कमी, रक्तातली प्रथिनं किंचित जास्त, एवढ्याच खुणा. यातल्या काहींना पुढे जुनाट अवस्था गाठते: अस्थिमज्जा ओस पडते, रक्तस्राव सुरू होतात, आणि मग औषध हाताशी असून उपयोग होईलच असं नाही. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार जास्त जोरात होतो, हे व्हिएतनामपासूनचं निरीक्षण आहे. प्रादुर्भाव मोजणाऱ्याने लक्षात ठेवायचं ते असं की कोणत्याही दिवशी गावातल्या संसर्गित कुत्र्यांपैकी बरीचशी या मधल्या, गप्प अवस्थेत असतात. ती दवाखान्यात येत नाहीत. आली तरी रेबीजची लस टोचून घ्यायला येतात.

मग शोधायचं कसं? काचपट्टी हे सर्वांत जुनं आणि स्वस्त साधन. जिम्सा रंगाने रंगवलेल्या पट्टीवर मोनोसाइटच्या पोटात तुतीच्या फळासारखा दिसणारा जांभळा पुंजका, म्हणजे मोरुला, दिसला तर वाद संपला. पण तो दिसतो कितीदा? तीव्र अवस्थेतही शंभर कुत्र्यांत चार-पाच वेळा. श्वेतपेशींचा थर वेगळा काढून त्याची पट्टी केली तर शक्यता वाढते, तरीही ‘दिसलं नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. एवढं असूनही मी काचपट्टीचा पक्षपाती आहे. एर्लिकिया दिसला नाही तरी त्याच पट्टीवर बबेसिया दिसू शकतो, हेपॅटोझून दिसू शकतो, आणि मुख्य म्हणजे प्लेटलेट खरोखर कमी आहेत की नाहीत ते कळतं. सीबीसीचं मशीन एकत्र गुंतलेल्या प्लेटलेटना नीट मोजत नाही. रक्त काढताना नीट हलवलं गेलं नाही, गाठी झाल्या, आणि मशीनने चाळीस हजार सांगितले की घरात रडारड सुरू होते. पट्टीच्या कडेला गाठींचे झुबके पाहिले की कळतं, कुत्र्याचं रक्त ठीक आहे, नमुना बिघडलेला आहे. सूक्ष्मदर्शक झाकून ठेवलेला दवाखाना हे आपल्या क्षेत्रातलं सर्वांत महागड्या काटकसरीचं उदाहरण आहे.

दुसरं साधन प्रतिपिंडांचं. इम्युनोफ्लुओरेसन्स असो, एलायझा असो की टेबलावरची किट, तिघांचा प्रश्न एकच: या कुत्र्याच्या शरीराला हा जंतू कधी भेटला आहे का? उत्तर ‘हो’ आलं तरी कधी भेटला हे ती सांगत नाहीत. उपचारांनंतरही प्रतिपिंडं महिनोन्‌महिने, काही कुत्र्यांत वर्षानुवर्षं राहतात. उलट संसर्गाच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत ती पुरेशी तयारच झालेली नसतात. म्हणजे तापाच्या तिसऱ्या दिवशी किट निगेटिव्ह येते आणि गेल्या वर्षी बरा झालेला कुत्रा पायात काटा मोडून आला तर पॉझिटिव्ह येते. एक ते दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून प्रतिपिंडांची पातळी चौपट वाढलेली दिसली, तर चालू संसर्गाचा तो चांगला पुरावा. पण दोनदा येणारे मालक किती, आणि पातळी मोजून देणाऱ्या प्रयोगशाळा किती? बहुतेक किट नुसतं हो किंवा नाही सांगतात. शिवाय जवळच्या जातींच्या प्रतिपिंडांशी गल्लत होते ती वेगळीच.

तिसरं साधन पीसीआर. ती थेट जंतूचा डीएनए शोधते, त्यामुळे प्रतिपिंडं यायच्या आधीच, पहिल्याच आठवड्या-दोन आठवड्यांत, उत्तर देऊ शकते, आणि एर्लिकिया की अ‍ॅनाप्लाझ्मा हेही सांगते. पण ती रक्ताच्या ज्या थेंबात पाहते त्या थेंबात डीएनए असायला हवा. गप्प अवस्थेत जंतू प्लीहेत असतो. रक्त निगेटिव्ह आणि प्लीहेतून घेतलेला नमुना पॉझिटिव्ह, असं घडतं. आणि डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या सुरू झाल्यावर रक्तातला डीएनए झपाट्याने दिसेनासा होतो. म्हणून पीसीआरचं रक्त पहिली गोळी पोटात जायच्या आधी काढावं. तीन दिवस औषध देऊन ‘बरं वाटत नाही, आता पीसीआर करू’ असं ठरवणारे डॉक्टर आणि निगेटिव्ह रिपोर्ट पाहून निश्चिंत होणारे मालक, दोघंही मी पुष्कळ पाहिले आहेत.

कोणतंही साधन घेतलं तरी त्याचं उत्तर वाचायला गणित लागतं, आणि ते आपल्या पशुवैद्यक शिक्षणात हळूच वगळलं जातं. समजा, एक चाचणी आहे. ती संसर्गित कुत्र्यांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर ओळखते आणि निरोगी कुत्र्यांपैकीही ९५ टक्क्यांना बरोबर सोडून देते. जाहिरातीत शोभेल अशी. आता ती अशा ठिकाणी वापरा जिथे हजारात २० कुत्रीच संसर्गित आहेत. वीसपैकी १९ पॉझिटिव्ह येतील. पण उरलेल्या ९८० निरोगी कुत्र्यांतलीही ४९ पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ६८ पॉझिटिव्ह रिपोर्टांतले खरे फक्त १९, शंभरात २८. तीच चाचणी जिथे हजारात ४०० कुत्री संसर्गित आहेत तिथे वापरा: ३८० खरे, ३० खोटे, म्हणजे शंभरात ९३ खरे. किट तीच, कागदावरची ओळ तीच, तरी एका गावात तिच्यावर विश्वास ठेवायचा आणि दुसऱ्या गावात चारदा विचार करायचा. निगेटिव्ह रिपोर्टाचं गणित याच्या उलट चालतं. जिथे आजार फार आहे तिथे निगेटिव्हवर भिस्त ठेवणं धोक्याचं. म्हणूनच मी म्हणतो की आपल्या भागातला प्रादुर्भाव माहीत असणं ही संशोधकांची चैन नाही. केसपेपरवर सही करणाऱ्याची ती रोजची गरज आहे.

आणि तो माहीत आहे का? देशभरातून प्रसिद्ध झालेले आकडे शेजारी शेजारी मांडले तर ते काही टक्क्यांपासून निम्म्याहून अधिक कुत्र्यांपर्यंत कुठेही पसरलेले दिसतात. हे पाहून काहीजण संशोधकांना नावं ठेवतात. मला त्यात नवल वाटत नाही. कुणी ताप आणि कमी प्लेटलेट असलेलीच कुत्री तपासली, कुणी नसबंदीसाठी पकडलेली भटकी कुत्री. कुणी काचपट्टी पाहिली, कुणी किट वापरली, कुणी पीसीआर. कुणी ऐन उन्हाळ्यात, कुणी डिसेंबरात. दवाखान्यात आलेल्या कुत्र्यांतला आकडा हा शहराचा आकडा नव्हे. तो त्या दवाखान्याच्या दारातून आत येणाऱ्यांचा आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२.७६ लाख भटकी कुत्री मोजली गेली. ती कुणाच्या दारात जाणार? गोचिडीचा आणि जंतूचा संसार मुख्यतः त्यांच्यावर चालतो. पाळीव कुत्रा सकाळी फिरायला गेला की त्या संसाराच्या उंबऱ्यावरून जाऊन येतो.

मोजणी गंभीरपणे घेतली तर काय होतं याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तो देश एर्लिकिया कॅनिसपासून मुक्त समजला जात असे. २०२० च्या मे महिन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्ली भागात पहिले स्थानिक रुग्ण सापडले. तिथे हा आजार कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे नमुने गोळा झाले आणि पाठोपाठ नॉर्दर्न टेरिटरीत आणि पुढे दक्षिणेकडे तो कसा गेला याचा नकाशा तयार झाला. आपल्याकडे हा आजार ऐंशी वर्षांहून अधिक काळ नोंदलेला आहे आणि कुणीही कुणालाही कळवत नाही. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून शिरवळ-नागपूरपर्यंत आपल्याकडे महाविद्यालयं आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, पीसीआरची यंत्रंही आहेत. नाही ती एकसारखी नोंद.

उपचारांबद्दल इथे थोडक्यात. डॉक्सीसायक्लिन हेच या जिवाणूवरचं मुख्य औषध, आणि ते साधारण चार आठवडे द्यायचं असतं. दोन-तीन दिवसांत कुत्रा ताजातवाना होतो आणि उरलेल्या गोळ्या कपाटात राहतात. गप्प अवस्थेतल्या काही कुत्र्यांची कथा अशीच सुरू होते. ‘डॉक्सीने बरा झाला, म्हणजे एर्लिकियाच होता’ हा युक्तिवादही सैल आहे. आधी सांगितल्याप्रमाणे पुष्कळ कुत्री तीव्र अवस्थेतून आपोआपही सावरतात, आणि डॉक्सीसायक्लिन लेप्टोस्पायरोसिससारख्या इतरही जिवाणूंवर चालतं. आडगावातल्या पशुवैद्यकाने किट आणि पीसीआरविना गोळ्या सुरू केल्या तर मी त्याला दोष देणार नाही. कुत्रा वाचवणं आधी. पण सुरू करण्यापूर्वी कानाच्या टोकावरच्या रक्ताची एक पट्टी करून ठेवायला पाच मिनिटं लागतात. आणि प्लेटलेट कमी होण्याची इतर कारणं, उंदीर मारायच्या विषापासून ते शरीराने स्वतःच्याच प्लेटलेटवर उलटण्यापर्यंत, नजरेआड होऊ देऊ नयेत.

माणसांचं काय, हे विचारलं जातंच. एर्लिकिया कॅनिसचे माणसांतले रुग्ण जगात फार थोडे, व्हेनेझुएलातून नोंदले गेलेले. कुत्रा आजारी आहे म्हणून घरातल्या मुलांना त्याच्यापासून दूर ठेवायचं कारण नाही. गोचिडींना मात्र दूर ठेवायचं, कारण हीच तपकिरी गोचीड माणसांत रिकेट्सियाचा ताप पसरवू शकते. सिंधुदुर्गात २०१६ पासून ज्या माकडतापाची भीती आहे तो विषाणूचा आजार, जंगलातल्या वेगळ्या गोचिडीचा. त्याची आणि या पुस्तकातल्या आजाराची सरमिसळ करू नये.

हे पुस्तक ज्यांच्या हातात पडेल त्या पशुवैद्यकांना माझी विनंती आहे. ‘टिक फीवर’ लिहाच, पण त्याच्यापुढे चार गोष्टी लिहा: कोणती चाचणी केली, रक्त औषधाआधी काढलं की नंतर, कुत्रा घरातला की रस्त्यावरचा, आणि महिना कोणता. वर्षाअखेरीस ती वही जवळच्या महाविद्यालयात नेऊन दाखवा. आणि कुत्रा पाळणाऱ्यांनो, रिपोर्टाची फाइल सांभाळा, भिंतींच्या फटी बुजवा, चार आठवड्यांच्या गोळ्या चारही आठवडे द्या.